उकर्डाजीचा पृथ्वीवरचा धडा

उकर्डाजीच्या वर्गात ‘माहीत नाही’ या उत्तराला पूर्ण गुण मिळायचे. नेहमीच नाही बरं. तापी कुठं उगम पावते, असं विचारल्यावर कोणी ‘माहीत नाही’ म्हटलं तर पट्टी बसायची, तीही उभी. पण मंगळावर जीव आहे काय, शुक्राच्या ढगांखाली काय आहे, असल्या प्रश्नांना जो पोरगा छाती ठोकून ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणेल त्याला भोपळा, आणि जो ‘माहीत नाही’ म्हणेल त्याला दहापैकी दहा. एका सहामाहीला एका बड्या वकिलाच्या पोरानं मंगळावर दोन पानं भरून लिहिलं. तिथले कालवे, तिथली माणसं, त्यांची शेती, सगळं. त्याला शून्य मिळालं. मागच्या बाकावर बसणाऱ्या, कापसाच्या जिनात सरकी उचलणाऱ्या मजुराच्या पोरानं एकच ओळ लिहिली होती, ‘माहीत नाही, मोठी दुर्बीण पाहिजे.’ त्याला दहा. वकीलसाहेब शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत आवाज चढले. उकर्डाजी दारात उभा राहून म्हणाला, “वकीलसाहेब, थे कालवे तुमी सोता पाह्यले काय? नाई ना? मंग कोर्टात अशी साक्ष चालू देता काय तुमी?” वकीलसाहेब त्या दिवशी निघून गेले, पण विसरले नाहीत. आमच्या अमरावतीतले मोठे लोक विसरत नाहीत, हा त्यांचा गुण आहे.

ही गोष्ट वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता तेव्हाची. आमची पुस्तकं, आमच्या शाळा तपासणारे डिप्टी, आमच्या सुट्ट्या, सारं नागपुराहून यायचं. अमरावतीच्या त्या शाळेत मराठी चौथीपासून मॅट्रिकपर्यंतचे वर्ग होते. मी मराठी शिकवायचो, उकर्डाजी भूगोल आणि सृष्टिज्ञान. मी तिवशाचा. आमचं घर माळ्याचं. विहिरीला गोड पाणी, मोटेवर वांगी, कोथिंबीर, शेवंती. घरी आम्ही मले-तुले बोलणारे लोक. पण मी शिकलो, आणि शिकताना जे पहिलं टाकून दिलं ते घरचं बोलणं. शाळेत मी असं मराठी बोलायचो की पुण्याहून आलेला पाहुणासुद्धा विचारायचा, “आपण मूळचे कुठले?” मला त्याचा केवढा आनंद व्हायचा! आज लाज वाटते, पण तेव्हा आनंद व्हायचा हे खरं आहे, आणि या गोष्टीत खरं लपवून आता उपयोग नाही.

उकर्डाजीला असली हौस नव्हती. तो वर्गातही मले-तुलेच बोलायचा. पहिल्या दिवशी हजेरीपटावरचं त्याचं नाव ऐकून पोरं हसली. तो म्हणाला, “हासा, हासा. मंग सांगतो.” आणि सांगितलं. त्याच्या आधीची पाच भावंडं पाळण्यातच गेली होती. सहावा हा. म्हणून जन्मल्याबरोबर त्याला आईनं उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आईनं मूठभर ज्वारी देऊन त्याला तिच्याकडून परत घेतलं. हे पोर आमचं नाही, टाकलेलं आहे, असं देवाला वाटावं म्हणून. “तवा मी उकर्डा झालो. देव फसला का नाई, माईत नाई. मी जगलो हे माईत हाय.” पोरं पुन्हा कधी त्याच्या नावाला हसली नाहीत.

त्याचं गाव खारपाणात. मूर्तिजापुराहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं जायचं, एका लहानशा ठेसनावर उतरायचं आणि पुढं बैलबंडीनं दोन तास. जमीन पाहाल तर काळीभोर, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी. पण खाली पाणी खारं. विहीर खणा, खारं. आणखी खोल खणा, आणखी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकाला दिलं तर पीक बसतं. आभाळ देईल त्यावर शेती आणि तळ्यात साचेल त्यावर पिणं. तळं आटलं की माणसं तेच खारं पाणी पितात आणि जगतात, जमेल तेवढी.

उंच, वाळका, दात पिवळे, अंगात बारा महिने तोच एक खाकी कोट. कोटाच्या दोन खिशांत दोन बाटल्या. एकीत शाळेच्या विहिरीचं पाणी, दुसरीत गावाहून आणलेलं. भूगोलाच्या पुस्तकात एक वाक्य होतं, पृथ्वी ही जीवसृष्टीस सर्वतोपरी अनुकूल आहे, अशा अर्थाचं. त्या वाक्यापाशी आला की तो पुस्तक मिटायचा, बाटल्या टेबलावर ठेवायचा आणि पोरांना एकेक घोट प्यायला लावायचा. दुसऱ्या बाटलीचा घोट पोरं खिडकीतून थुंकून टाकायची. मग हा विचारायचा, “आता सांगा रे. पृथ्वी जीवासाठी बनली का जीव पृथ्वीसाठी बनला? जे पानी तुमी थुकलं थे पिऊन मी तुमच्यापुढं उभा हाव.” पोरं बुचकळ्यात पडायची. तासाची घंटा व्हायची. शिपाई कुरकुर करायचा, की या मास्तरांच्या तासानंतर खिडकीखाली चिखल होतो.

एकदा गणपतीच्या उत्सवात बाहेरगावचे एक विद्वान शास्त्रीबुवा व्याख्यानाला आले होते. विषय होता ईश्वराची योजना. मंडप भरलेला. बुवा बोलायचे छान. पृथ्वी सूर्याला जराशी जवळ असती तर जळून गेली असती, जराशी दूर असती तर गोठली असती, हवा थोडी विरळ असती तर आपण गुदमरलो असतो, पाहा त्या जगन्नियंत्याचं माप, एक तीळभर इकडं नाही, एक तीळभर तिकडं नाही. लोक माना डोलवत होते, मीही डोलवत होतो. आणि मागून उकर्डाजीचा आवाज आला, “महाराज, इचारू काय? आमच्या गावापुरतं माप काहून चुकलं?”

हशा झाला. बुवांना वऱ्हाडी नीट कळलं नाही, कोणीतरी पुढं होऊन समजावलं. बुवा मंद हसले. म्हणाले, “जिथं जल क्षारयुक्त आहे, तिथल्या जनांचं ते प्राक्तन म्हणावं. पूर्वकर्माचा हिशेब.” पुन्हा माना डोलल्या. उकर्डाजी खाली बसला.  परत जाताना आमच्या बोळात शिरता शिरता तो थांबला आणि म्हणाला, “भाऊ, माह्या पाच भावा-बहिनीचं कोनतं कर्म असंन? त्यायले तं दातबी आले नवते.” मी म्हटलं, जाऊ द्या हो, व्याख्यान आहे, ऐकावं अन् सोडून द्यावं. तो म्हणाला, “पान्यानंच गेले का कायनं गेले, मले माईत नाई. पन थो म्हाताराबी माईत नाई म्हनू शकत होता ना?”

तो नास्तिक नव्हता. लोकांनी तसं म्हणून टाकलं, कारण सोपं पडतं. सकाळी अंघोळ झाली की हात जोडायचा. त्याचं भांडण देवाशी नव्हतंच, देवाच्या वतीनं बोलणाऱ्यांशी होतं.

त्या वर्षी त्यानं आईला अमरावतीला आणलं. बायको आधीच वारली होती, मुलगी लग्न होऊन गावातच दिली होती, म्हातारी एकटी पडली होती. माय काठीसारखी ताठ, बोलायला तिखट. आली त्या दिवशी त्यानं मुद्दाम आमच्या आळीतल्या विहिरीचं पाणी तिला तांब्याभर दिलं. सबंध अमरावतीत नावाजलेलं ते पाणी. आयुष्यभर खारं पिऊन आलेली बाई, आता ती काय म्हणते, हे पाहायला तो समोर बसला, मीही होतो. तिनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. “काय रे उकर्डा, याले काई चवच नाई. धुनं धुवाचं पानी देल्लं काय मले?” आणि चुलीपाशी जाऊन तिनं तांब्यात चिमूटभर मीठ टाकलं, बोटानं ढवळलं, आणि गटगटा प्यायली. “हं,” म्हणाली, “आता पान्यासारकं लागते.”

शेजारपाजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षभर ही गोष्ट आळीत पुरली. म्हातारी जाईल तिथं लोक विचारायचे, “काय आजी, मीठ टाकू काय?” उकर्डाजी मात्र त्या दिवशी हसला नाही. तो उठून अंगणात गेला आणि येरझारा घालू लागला. मला म्हणाला, “भाऊ, सापडलं. बारा वर्सं मी पोट्ट्यायले जे सांगून राहिलो अन् सांगता येत नवतं, थे मायनं चिमटीत दाखवलं.”

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरच्या क्रमिक पुस्तकाच्या समितीनं मराठी चौथीसाठी नवे धडे मागवले. उकर्डाजीनं लिहायला घेतलं. ‘पृथ्वी आणि तिचे शेजारी’. चार पानांचा धडा, पण त्याला पावसाळा गेला आणि दिवाळी गेली. रोज मधल्या सुट्टीत तो कागद घेऊन माझ्यापुढं बसायचा. “भाऊ, भाषा तेवढी तुमी पाहा. विषय माहा हाय.” मी मले-तुले काढलं, वाक्यं सरळ केली. चंद्रावर हवा नाही, बुधावर भट्टी आहे, शुक्र ढगांत गुंडाळलेला आहे, मंगळावर काही डाग ऋतूप्रमाणे बदलतात आणि त्यावरून पंडितांत वाद आहे, हे त्यानं इतकं साधं लिहिलं होतं की नऊ वर्षांच्या पोरालाही कळावं. आणि शेवटचा परिच्छेद असा होता, मला तो अजून पाठ आहे:

‘माझी आई खाऱ्या पाण्याच्या गावची आहे. ती शहरात आली तेव्हा तिला गोड पाणी बेचव लागले. तिने त्यात मीठ टाकले. आपणही तसेच आहोत. पृथ्वी आपल्याला गोड लागते, कारण आपण तिच्याच हाताने घडलो. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर कोणी असेल, तर त्याला त्याचे पाणी गोड लागत असेल आणि आपले बेचव. तसे कोणी आहे काय? आज कोणालाच माहीत नाही. मुलांनो, तुम्ही मोठे होऊन पाहा.’

मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. प्रामाणिकपणे सांगतो, बदलण्यासारखं काही नव्हतंच. सुवाच्य अक्षरात मी प्रत केली, खाली त्याचं नाव, आणि भाषा तपासणारा म्हणून कोपऱ्यात माझं. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं, माय, तू पुस्तकात जाऊन राहिली. म्हातारीनं साऱ्या आळीला सांगितलं. ज्या बायका हसल्या होत्या त्यांना तर दोन-दोनदा सांगितलं.

जानेवारीच्या सुमारास समितीचे चिटणीस अमरावतीला आले. डाकबंगल्यात उतरले होते. निरोप आला तो उकर्डाजीला नाही, मला. धडा त्यांच्यापुढं होता आणि शेवटच्या परिच्छेदाभोवती लाल रेघ. म्हणाले, “धडा उत्तम आहे. पण शेवट असा चालायचा नाही. एक तर यात आमच्या प्रांतात लोक खारं पाणी पितात असा गवगवा होतो. वरच्या खात्याला तो आवडणार नाही. दुसरं, मुलांना ‘माहीत नाही’ असं शिकवायचं? धड्याचा शेवट श्रद्धेनं व्हावा. तिसरं, मास्तरची म्हातारी आई पाठ्यपुस्तकात कशाला?” मी म्हटलं, गावंडे मास्तरांना, म्हणजे उकर्डाजीला, विचारावं लागेल. ते म्हणाले, “ते ऐकणार नाहीत, असं तुमच्याच शाळेच्या मंडळावरच्या वकिलांनी सांगितलंय. छपाईला वेळ नाही. शेवट बदलला तर धडा पुस्तकात जातो, नाही तर वगळतो. आणि तुमची भाषा फार गोड आहे हो, तुम्हीच लिहा.”

मला कोणी लालूच दाखवली नाही, धमकी दिली नाही. तुमची भाषा गोड आहे, एवढंच म्हणाले, आणि मी खुर्ची ओढून बसलो. अर्ध्या तासात लिहिलं. मनाशी म्हटलं, निदान धडा तरी छापून येईल, मास्तरचं नाव तरी होईल. हे खोटं नव्हतं. पण लिहिताना मला त्या वाक्यांच्या नादाची जी गोडी लागली होती, ती त्याहून खरी होती. मी लिहिलं:

‘परमेश्वराने अनंत ग्रहांतून या एकाच पृथ्वीची निवड केली आणि ती मनुष्यमात्रासाठी सजविली. येथील पाणी मधुर, येथील वारा मंद, येथील माती मातेसारखी दयाळू. अन्य ग्रह हे ओसाड व निर्जीव आहेत. धन्य ती पृथ्वी, आणि धन्य तिच्यावर जन्मास आलेले आपण!’

चिटणिसांनी वाचलं आणि ‘वा!’ म्हणाले. घरी येताना मी ठरवलं होतं की आजच उकर्डाजीला सांगून टाकायचं. मग ठरवलं, उद्या. मग ठरवलं, पुस्तक आल्यावर तो स्वतःच पाहील, तेव्हा बोलू. असं करता करता जून आला.

पुस्तक आलं त्या रविवारी त्यानं मला जेवायला बोलावलं. म्हातारीनं पुरणपोळ्या केल्या होत्या. पाटावर पुस्तक ठेवून हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. तोपर्यंत त्यानं ते उघडलंही नव्हतं, पूजा झाल्याशिवाय उघडायचं नाही असं तिनंच बजावलं होतं. आम्ही पानावर बसलो. म्हातारी पुस्तक घेऊन त्याच्यासमोर बसली. “मले वाचता येत नाई. मी कोठी हाय याच्यात थे दाखव. बोट ठेव अन् वाच.”

त्यानं धडा काढला. पानं उलटली. शेवटच्या पानावर त्याची नजर थांबली. मी पोळीकडं पाहत होतो.  मग त्यानं त्या माझ्या ओळींवर बोट ठेवलं आणि वाचू लागला, “माझी आई खाऱ्या पाण्याच्या गावची आहे. ती शहरात आली तेव्हा…” सबंध परिच्छेद, एक शब्द इकडंतिकडं न करता. शेवटपर्यंत बोट ओळींवरून सरकत होतं. म्हातारी मान हलवत होती. मिठाचं वाक्य आलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “बराबर लिवलं. मीठच टाकलं होतं मी.”  मी पोट बिघडल्याचं सांगून अर्ध्या पानावरून उठलो. पुरणपोळी टाकून उठणारा माणूस वऱ्हाडात तरी सापडायचा नाही, पण मी उठलो.

पुढं जे झालं ते आठ दिवसांत झालं. चौथीच्या वर्गात तो धडा आला. त्यानं सगळ्या पोरांची पुस्तकं टेबलावर गोळा केली. पट्टी ठेवून, काळ्या शाईनं, प्रत्येक पुस्तकातला शेवटचा परिच्छेद खोडला. समासात लिहिलं, ‘हे मी लिहिलेले नाही. उ. ना. गावंडे.’ पोरं रांगेत उभी राहून आपापलं पुस्तक वाळायची वाट पाहत होती. नवी कोरी पुस्तकं, धाकट्या भावंडांना पुढं वापरायची. संध्याकाळपर्यंत पालक शाळेत हजर. पुढं तेच वकीलसाहेब, त्यांचा धाकटा चौथीत होता. मास्तरनं देवाचं नाव खोडलं, असं गावभर झालं.

हेडमास्तरांच्या खोलीत मंडळ बसलं. उकर्डाजीला विचारलं, सरकारी पुस्तक का विद्रूप केलं? तो म्हणाला, “जे मी लिवलं नाई त्याच्याखाली माहं नाव हाय. माहं नाव काढा, मंग देवाचं लिवा, राजाचं लिवा, माहं काई म्हननं नाई.” हेडमास्तर म्हणाले, “हजारो प्रती छापून झाल्या आहेत गावंडे, नाव आता कसं काढणार? तुम्ही लेखी माफी द्या. मजकूर आपलाच आहे, रागाच्या भरात चूक झाली, एवढं लिहा. विषय संपेल.” तो म्हणाला, “मजकूर माहा नाई. भाऊले इचारा. प्रत त्यायच्या हातची होती.”

सगळे माझ्याकडं वळले. वकीलसाहेबांनी विचारलं, “काय हो, तुम्ही केलेल्या प्रतीत हा परिच्छेद होता की नव्हता?”

नव्हता, एवढंच म्हणायचं होतं. तीन अक्षरं. पण ‘नव्हता’ म्हटलं की पुढचा प्रश्न होता, मग कोणी घातला? आणि मी पाहिलं की वकीलसाहेबांना त्याचं उत्तर ठाऊक आहे, ते माझ्याकडं पाहून अगदी थोडं हसत होते. मी म्हणालो, “बरेच महिने झाले. मला आता माहीत नाही.”

उकर्डाजीनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या वर्गात या उत्तराला दहा गुण असायचे, पण खरंच माहीत नसेल तर.  त्यानं टेबलावरची आपली टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला, दोन ओळींचा. त्या आठवड्यात तो आईला घेऊन गावी गेला. मी ठेसनावर गेलो नाही. ताप आल्याचं घरच्यांना सांगितलं, आणि खरोखर थोडा आलाही होता.

मला बढती मिळत गेली. पुढं त्याच शाळेचा हेडमास्तर झालो. चौथीच्या वर्गातून तो धडा ऐकू आला की खिडकीपासून लांब चालायचो. ‘येथील पाणी मधुर’ एका सुरात चाळीस पोरं म्हणायची.

दहा-अकरा वर्षांनी परीक्षेच्या कामानं मूर्तिजापूरला गेलो होतो. काम दुपारीच संपलं. छोटी गाडी समोर उभी होती. मी तिच्यात का बसलो, ते सांगता येणार नाही. बसलो एवढं खरं. बंडीवाल्याला म्हटलं, उकर्डाजी मास्तरांकडं. तो म्हणाला, “कोनता मास्तर? उकर्डाबुडा म्हना ना. त्यायले आता दिसत नाई.”

ओट्यावर घोंगडी टाकून तो बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पाय सुजलेले. आवाजावरून मला ओळखलं. “या भाऊ. बसा.” जणू कालच भेटलो होतो. आई वारल्याचं सांगितलं. शेवटपर्यंत तिनं पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं होतं म्हणे. मी माफीचं वाक्य गाडीत तयार करून आणलं होतं, चांगलं घोटून, तीन वेळा बदलून. ते माझ्या तोंडातून निघेना.

आत त्याची नात, मुलीची मुलगी, पाठांतर करत होती. उद्या डिप्टी येणार होते. गावातून चौथी पास होणारी ती पहिली पोरगी ठरणार होती. इंग्रज सरकार जायच्या बेतात आलं होतं, पुस्तक मात्र तेच होतं. ती मोठ्यानं म्हणत होती, “परमेश्वराने अनंत ग्रहांतून या एकाच पृथ्वीची निवड केली…”

मला राहवलं नाही. म्हटलं, “उकर्डाजी, तिले थांबवा ना. तुमचं खरं आहे ते सांगा तिला.”

“थांबवून काय करू? डिप्टी जे इचारंन थे तिनं सांगावं. पास झाली तं नर्साच्या शाळेत जाईन, या पान्यातून निंगून जाईन. माह्या ‘माईत नाई’नं तिचं काय होते?” मग म्हणाला, “तुमचे वाक्यं चांगले हायेत, भाऊ. पोट्ट्यायले लवकर पाठ होते.”

 मी विचारलं, “तुमाले कदी समजलं?”

“तुमी पुरनपोळी टाकून उठले, तवाच.”

“मग मंडळापुढं बोलले काहून नाही?”

“तुमी बोलान, वाटलं होतं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं आणि मोकळा झालो असतो. ती सोय त्यानं ठेवली नाही.

आत पोरगी दुसऱ्या ओळीवर अडली. “येथील पाणी मधुर, येथील वारा मंद… येथील वारा मंद…” तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. पुढचे शब्द माझ्या जिभेवर होते. मी बोललो नाही. उकर्डाजीनं न दिसणारे डोळे आतल्या दाराकडं वळवले आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध माझ्या भाषेत, सांगितलं, “येथील माती मातेसारखी दयाळू. म्हन पुढं.”